आजीच्या नावातला ‘ई’

स्ट्रासबूर शहराच्या जुन्या भागात तुम्ही उभे आहात. पाठीमागे गुटेनबर्गचा पुतळा असलेला चौक, समोर पश्चिमेकडे निघालेली अरुंद, गजबजलेली गल्ली. रोमनांच्या काळात इथून जी वाट जायची, तिच्याच रेषेत ही गल्ली आजही जाते. बेकरीतून लोण्याचा खमंग वास येतोय, सायकलवाले घंटी वाजवत गर्दीतून वाट काढताहेत. तुम्ही मान वर करून भिंतीवरची पाटी वाचता. ‘ग्राँ-र्‍यू’. मोठा रस्ता. नाव साधंच आहे, पण त्या दोन शब्दांच्या मधे, वरच्या अंगाला, स्वल्पविरामासारखं एक चिन्ह टांगलेलं आहे. आपल्याकडे संस्कृतातला अवग्रह जे काम करतो तेच हे चिन्ह फ्रेंचमध्ये करतं. ‘सोऽहम्’मधला तो ऽ सांगतो की इथे एक ‘अ’ होता, तो गेला. पाटीवरचं चिन्हही सांगतंय की इथे एक अक्षर होतं, ते गळलं.

कुठलं अक्षर? फ्रेंचमध्ये ‘मोठा’ म्हणजे ‘ग्राँ’ आणि ‘मोठी’ म्हणजे ‘ग्राँद’. स्त्रीलिंगी रूपाच्या शेवटी रोमन लिपीतला ‘ई’ लागतो. तो स्वतः मुका असतो, पण आधीच्या ‘द’ला बोलायला लावतो. घर फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून मोठं घर ‘ग्राँद मेझों’. रस्ता, म्हणजे ‘र्‍यू’, हाही स्त्रीलिंगी. मग नियमाने ‘ग्राँद र्‍यू’ व्हायला हवं. पण पाटीवर ‘ई’ नाही आणि रस्त्यावरचं कुणी त्या ‘द’चा उच्चारही करत नाही. असे शब्द ढिगाने आहेत. आजी ही ‘ग्राँ-मेर’, शब्दशः मोठी आई. चर्चमधली गाऊन होणारी मुख्य उपासना ‘ग्राँ-मेस’. हमरस्ता ‘ग्राँ-रूत’. ‘विशेष काही नाही’ म्हणायचं तर ‘पा ग्राँ-शोज’. ब्रसेल्सला गेलेला प्रत्येक पर्यटक ज्या चौकात फोटो काढतो तो ‘ग्राँ-प्लास’. मेर, मेस, रूत, शोज, प्लास, सगळ्या स्त्रीलिंगी आणि सगळ्यांचं विशेषण पुल्लिंगी दिसणारं.

फ्रेंच शिकणारा विद्यार्थी इथे अडखळतो आणि शिक्षक ‘अपवाद आहे, पाठ करा’ म्हणून पुढे जातात. तुम्ही पुढे जाऊ नका. तो गळलेला ‘ई’ नेमका कुठे आणि कधी गळला, हे बघायला मागे चला.

पहिलं पाऊल १९३२ सालात पडतं. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी, घुमटाच्या इमारतीत फ्रेंच अकादमी बसते. गुरुवारची बैठक, लांब टेबल, कागद. अकादमीच्या शब्दकोशाच्या आठव्या आवृत्तीचा पहिला खंड यंदा बाहेर पडतोय. त्यातलं ‘ग्राँ-मेर’ शोधून काढा. आधीची आवृत्ती १८७८ची. तीत आजीच्या नावात पाटीवरचं तेच चिन्ह होतं. आता ते काढून टाकलंय आणि त्याच्या जागी छोटी आडवी रेघ घातली आहे, दोन शब्द जोडणारी. शतकानुशतकं टांगलेलं एक चिन्ह अकादमीने उतरवलं. स्ट्रासबूरच्या पाटीवर मात्र ते राहिलं, आणि मला वाटतं, ते तिथे आहे हे बरंच आहे. नाहीतर आपण शोधायला निघालोच नसतो.

रेघ आली तरी अनेकवचनाचा घोळ उरलाच. आज्या अनेक असतील तर ‘ग्राँ’ला ‘एस’ लावायचा की नाही? विशेषण मानलं तर हवा, तुटका तुकडा मानला तर नको. दोन्ही लिहिलं गेलं. आज ‘एस’ लावण्याकडे कल आहे. ऐकायला दोन्ही सारखंच.

पण अकादमीने चिन्ह का उतरवलं? त्याचं उत्तर आणखी साठ-सत्तर वर्षं मागे, पॅरिसच्या बाहेर मेनिल नावाच्या गावात आहे. रात्रीचे अडीच-तीन वाजले असतील. एमिल लित्रे साठीच्या घरात आहेत, आणि अजून टेबलाशी बसलेत. वैद्यकाचं शिक्षण घेतलेला हा माणूस एकहाती म्हणावा असा कोश रचतोय. पत्नी आणि मुलगी मदतीला आहेत. १८६३पासून त्याचे भाग छापून बाहेर पडताहेत. रात्री तीनपर्यंत काम करायचा त्यांचा नेम आहे. खिडकीबाहेर लिंडेनच्या झाडांची छोटी वाट आहे, तिथे नाइटिंगेल पक्ष्याने घर केलंय आणि त्याचा आवाज रात्रभर घुमतोय. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.

त्यांच्या खांद्यावरून बघा. प्रत्येक शब्दाचे अर्थ देऊन झाले की ते खाली जुनी अवतरणं लावतात, अकराव्या शतकापासून सोळाव्यापर्यंत, शतकवार. ‘ग्राँ’चे अर्थच किती! नामाच्या आधी आला तर थोर, नंतर आला तर उंच. ‘ग्राँ ऑम’ म्हणजे महापुरुष. ‘ऑम ग्राँ’ म्हणजे ताडमाड माणूस. आणि महापुरुष म्हणताना त्यांच्या ओठांकडे लक्ष द्या: ‘ग्राँ-तॉम’. लिहिताना शेवटी ‘डी’ आहे, पण पुढे स्वर आला की ‘त’ ऐकू येतो. हा ‘त’ गाठीला बांधून ठेवा, पुढे लागेल.

अवतरणांच्या चिठ्ठ्या लावता लावता लित्रेंना दिसतं ते असं की जुन्या फ्रेंचमध्ये हे विशेषण दोन्ही लिंगांना एकच होतं. म्हणजे ‘ग्राँ-मेर’मधून काही गळलेलंच नाही. चिन्हाचा दावाच चुकीचा. लित्रेंनी ते छापलं. १८७१मध्ये ते स्वतः अकादमीवर निवडून गेले, तरी सात वर्षांनी निघालेल्या अकादमीच्या आवृत्तीत आजीच्या नावात चिन्ह होतंच. विद्वानाला उत्तर सापडणं आणि ते अकादमीच्या कोशात उतरणं यात अर्धशतकाहून जास्त काळ गेला.

लित्रेंवर विश्वास ठेवून इथून परत फिरता येईल. पण कागदावर वाचणं वेगळं आणि कानांनी ऐकणं वेगळं.

१६९७. पॅरिसच्या मधोमध, नदीतल्या बेटावर न्यायालयाचा जुना राजवाडा. वकिलांचे काळे झगे, पक्षकारांची धावपळ, आणि सेंत-शापेलच्या पायऱ्यांवर पुस्तकविक्रेत्यांची दुकानं. त्यातलं क्लोद बार्बँचं दुकान गाठा. गोष्टींचं एक लहानसं पुस्तक नुकतंच आलंय, शार्ल पेरोचं. पेरो अकादमीचे सभासद. तीनच वर्षांपूर्वी, १६९४ला, अकादमीने आपला पहिला शब्दकोश राजा चौदाव्या लुईला सादर केलाय. असा माणूस लाल टोपडं घातलेल्या मुलीची आणि लांडग्याची गोष्ट सांगतो तेव्हा आजीला काय म्हणतो? ‘मेर-ग्राँ’. विशेषण उलटून मागे गेलं, तरी ‘ई’ नाहीच. दाया-आयांनी मुलांना सांगितलेल्या गोष्टींचा बाज धरून पेरोंनी लिहिलं, आणि हा शब्दही त्या घरगुती बोलीतलाच.

याच इमारतीत न्यायालयाचं मुख्य दालन आहे, ‘ग्राँ-शाँब्र’. शाँब्र, म्हणजे दालन, हेही स्त्रीलिंगी. आजीपासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांच्या तोंडी हे जुनं रूप टिकलंय, कारण रोज वापरलेला शब्द व्याकरणाची परवानगी मागत नाही.

बेट सोडू नका, फक्त काळ बदला. १६५०. क्लोद दं व्होज्लाचं नुकतंच निधन झालंय. साव्हॉयच्या मुलखातून आलेला हा गृहस्थ दरबारातली माणसं कसं बोलतात ते आयुष्यभर कान देऊन ऐकत राहिला आणि १६४७ला त्याने फ्रेंच भाषेवरच्या आपल्या टिपणांचं पुस्तक छापलं. अकादमीचा कोश मुख्यतः तोच पुढे नेत होता. पण मरताना डोक्यावर कर्ज होतं, आणि सावकारांनी घरातल्या चीजवस्तूंबरोबर कोशाच्या वह्याही जप्त केल्या. त्या सोडवायला अकादमीला न्यायालयाची पायरी चढावी लागली. फ्रेंच भाषेचं मोजमाप घेणाऱ्या वह्या देणेकऱ्याच्या सामानात अडकल्या होत्या, हे वाचलं की मला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटतं.

या पिढीच्या व्याकरणकारांची अडचण समजून घ्या. त्यांना जुनी हस्तलिखितं ठाऊक नाहीत. ठाऊक आहे तो चालू काळातला नियम, की स्त्रीलिंगाला ‘ई’ लागतो. आणि कानावर येतं ते ‘ग्राँ-मेर’, ‘ग्राँ-मेस’, ‘ग्राँ-शाँब्र’. लोक चुकताहेत म्हणावं तर लोक दरबारातले. तेव्हा त्यांनी तोडगा काढला: अमुक अमुक शब्दांपुढे ‘ग्राँद’मधला ‘ई’ गिळला जातो, तिथे चिन्ह द्यावं. अंदाज शहाणपणाचा होता, प्रामाणिकही होता. फक्त खरा नव्हता.

मग हे चिन्ह तरी आलं कुठून? आणखी मागे, १५२९. बेटाला डाव्या काठाशी जोडणारा लहान पूल, पती-पाँ. पुलावर दुतर्फा दुकानं, आणि त्यातल्या एकावर फुटक्या मडक्याची पाटी. जोफ्र्वा तोरीचं दुकान. लाडकी मुलगी आन्येस लहानपणीच गेली. तिच्या आठवणीत त्याने काढलेल्या पुस्तिकेत हे फुटकं मडकं पहिल्यांदा दिसलं, आणि मग तेच त्याचं चिन्ह झालं. आत शाईचा उग्र वास आहे. ‘शाँफ्लरी’ हे त्याचं पुस्तक नुकतंच छापून झालंय. अक्षरांचं माप माणसाच्या देहाशी जुळवून दाखवणाऱ्या या पुस्तकात तो सुचवतो की फ्रेंचलाही उच्चाराच्या खुणा हव्यात, गळलेल्या स्वराच्या जागी चिन्ह हवं. छापखान्यांनी ते पुढच्या काही वर्षांत उचललं. आधी हस्तलिखितांत शब्द सरळ एकमेकांना चिकटवून लिहायचे. आता जिथे स्वर खरोखर गळतो तिथे चिन्ह येऊ लागलं, आणि ते फार सोयीचं होतं. पण नवी खूण हाताशी आली की ती जिथे शोभेलसं वाटतं तिथेही बसते. आजीच्या नावात ती अशीच शिरली.

म्हणजे १५२९च्या मागे चिन्ह नाही. आता बघायचंय ते ‘ई’ आहे का.

१३८० च्या सुमाराचा तोच राजवाडा. थंडी आहे, लेखनिकाने बोटं फुंकून ऊब आणली आणि पिसाची लेखणी चर्मपत्रावर टेकवली. राजाच्या नावाने निघणारं पत्र आहे. पत्र स्त्रीलिंगी, तरी तो ‘राजाची पत्रं’ लिहिताना विशेषण लावतो ‘र्वायो’, जे आजच्या फ्रेंच माणसाला पक्कं पुल्लिंगी वाटेल. कचेरीची भाषा किती चिवट असते बघा: ‘लेत्र र्वायो’ हा प्रयोग थेट राज्यक्रांतीपर्यंत टिकला. त्याच लेखनिकाच्या काळात ‘मोठी’साठी दोन रूपं शेजारी शेजारी नांदताहेत. जुनं, ‘ई’ नसलेलं. आणि नवं, ‘ई’ लावलेलं.

हा ‘ई’ येतोय कुठून? बोलणाऱ्यांच्या सवयीतून. बहुतेक विशेषणांना स्त्रीलिंगी रूप आहे. ‘बों’ म्हणजे चांगला, ‘बॉन’ म्हणजे चांगली. मग पोरंसोरं, बाजारातली माणसं ‘मोठी’लाही तेच शेपूट लावतात. मराठीत ‘मोठा-मोठी’ बदलतं आणि ‘थोर’ बदलत नाही, थोर पुरुष तशीच थोर स्त्री. उद्या सगळा महाराष्ट्र ‘थोरी स्त्री’ म्हणू लागला तर दोनशे वर्षांनी ‘थोर स्त्री’ ही अक्षर गळाल्याची चूक वाटेल आणि कुणी व्याकरणकार तिथे अवग्रह घालील. फ्रेंचमध्ये नेमकं हेच झालं. ‘ई’ गळला नाही. तो नंतर चिकटला, आणि जे शब्द घराघरात, चर्चमध्ये, रस्त्यावर रोज एकत्रच उच्चारले जात होते, त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

आता मोठी उडी. अकराशे साल उजाडतंय. ओर्लेआँच्या दक्षिणेला यात्रेकरूंच्या वाटेवरची धर्मशाळा. स्पेनमधल्या सांतियागोला निघालेली माणसं ओले झगे चुलीपाशी वाळवताहेत. कोपऱ्यात एक गाणारा बसलाय, रोलाँ नावाच्या वीराची कथा गातोय. लढाई, दुःख, गर्दी. फ्रेंचमध्ये यातलं बरंचसं स्त्रीलिंगी. कान टवकारा. लढाई मोठी, ‘ग्रान्त’. दुःख मोठं, ‘ग्रान्त’. घोडा मोठा, तोही ‘ग्रान्त’. अनुनासिकापाठचा ‘त’ स्वच्छ वाजतो. गाठीला बांधलेला ‘त’ इथला आहे! शब्दाच्या शेवटी ‘द’ कडक होऊन ‘त’ व्हायचा. पुढे पंडितांनी लॅटिनकडे बघून लिहिताना ‘डी’ परत आणला, पण स्वरापुढे ‘त’ आजही बोलतो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या काळातही ‘ई’ लावलेलं रूप क्वचित कानावर पडतं, आणि ‘गोड’सारख्या एखाद्या विशेषणाला तो आधीच चिकटलाय. पण सर्रास चालतं ते ‘ग्रान्त’च. शेजारचा यात्रेकरू गावाचं नाव सांगतो, ‘रोशफोर’. मजबूत खडक. खडक स्त्रीलिंगी, मजबूत हे विशेषण ‘ई’विना, नकाशावर ते आजही तसंच आहे.

आणखी एक खूण फ्रान्समधलं शाळकरी पोर रोज वहीत लिहितं. ‘शहाणपणाने’ म्हणायला फ्रेंच ‘प्र्यूदामाँ’ म्हणते. हा ‘माँ’ लॅटिनमधल्या ‘मेन्ते’वरून आला, ‘मनाने’. मन तिथे स्त्रीलिंगी, म्हणून त्याच्या आधी विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप हवं. शहाणा हे विशेषण ‘ग्राँ’च्याच घराण्यातलं, जुन्या काळी त्याला स्त्रीलिंगी ‘ई’ नव्हता. म्हणून ‘प्र्यूदाँ’ला थेट ‘माँ’ चिकटला, आधीचा व्यंजनध्वनी त्यात मिसळला आणि लिहिताना दोन ‘एम’ आले. पोरं हे दोन ‘एम’ विसरतात आणि लाल शाईने वही भरते. ‘मोठ्या प्रमाणात’साठीही तेव्हा ‘ग्राँमाँ’ होतं. त्यात मात्र नंतर ‘ई’ घुसवला गेला.

शेवटचा टप्पा. चौथ्या शतकाचा मध्य, बुर्दिगाला, म्हणजे आजचं बोर्दो. गारोन नदी भरतीने फुगलेली, धक्क्यावर दारूचे पिंप. शहरातल्या शाळेत देसिमुस मॅग्नुस ऑसोनियुस शिकवतोय. जवळपास तीस वर्षं तो इथे शिकवणार आहे, मग सम्राटाच्या मुलाचा शिक्षक होईल आणि ३७९मध्ये कॉन्सुल. त्याच्या नावातला ‘मॅग्नुस’ हा शब्द बघा, त्याचाही अर्थ मोठाच. शिष्ट लॅटिनमध्ये मोठ्यासाठी हाच शब्द. ‘ग्रांदिस’ म्हणजे वाढलेला, भरलेला, वयाने थोराड. पण गॉलमधली साधी माणसं हळूहळू सगळ्याच मोठ्या गोष्टींना ‘ग्रांदिस’ म्हणू लागतील आणि ‘मॅग्नुस’ मागे पडेल. तो फ्रेंचमध्ये शार्लमान्य राजाच्या नावाला चिकटून तेवढा उरेल.

ऑसोनियुसने आपल्या गेलेल्या नातलगांवर एकेक कविता केली. त्यात आईची आईही आहे, एमिलिया कोरिंथिया, रंगाने सावळी म्हणून मैत्रिणींनी ‘मावरा’ नाव पाडलेली. लहानपणी त्याला तिनेच सांभाळलं, कडक शिस्तीत. तिला तो ‘आविया’ म्हणतो. आजीला मोठी आई म्हणायची रीत अजून कित्येक शतकं दूर आहे.

वर्गात सात-आठ वर्षांचा एक मुलगा मेणाच्या पाटीवर टोकदार लेखणीने रूपं लिहितोय. आधी ‘चांगला’: बोनुस, बोना, बोनुम. तीन लिंगं, तीन रूपं, आपल्या चांगला-चांगली-चांगलं सारखी. यातल्या ‘बोना’चा ‘आ’ झिजत झिजत फ्रेंचमधला मुका ‘ई’ होणार आहे आणि शेजारच्या विशेषणांनाही चिकटणार आहे. मग मुलगा खाली ‘मोठा’ लिहायला घेतो. पुल्लिंगी ‘ग्रांदिस’. स्त्रीलिंगी, पुन्हा ‘ग्रांदिस’. बाप असो की आई, रूप एकच. दीड हजारांहून जास्त वर्षं मागे आलात, आणि आईच्या विशेषणात गळायला कुठलं अक्षर नव्हतंच.

मुलाची लेखणी तिसऱ्या रूपाकडे वळते, नपुंसकलिंगी. तो लिहितो ‘ग्रांदे’. शेवटी ठळक ‘ई’. उदाहरण म्हणून शेजारी तो एक नपुंसकलिंगी नाम जोडतो: ‘साक्सुम’, दगड.